पडद्याखालची पट्टी

डहाणू,
१८ जानेवारी २०१६

ती. स्व. सरलाताईंस,
सुषमाचा सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवते आहे. डबा परत करायची घाई नको, पण आधीचे दोन डबे तुमच्याच फडताळात आहेत हे लक्षात असू द्या. फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसाल. तुमच्या वेवजीत फोन लागला तर तो गुजरातच्या टॉवरवर जातो आणि निम्मं बोलणं हवेतच राहतं. शिवाय आमच्या पुढच्या खोलीत तुमच्या भावाचं केबलचं ऑफिस आणि मधल्या खोलीत सून. जे बोलायचं ते तिच्याबद्दलच आहे, तेव्हा कागदच बरा.

सुदर्शनचं लग्न होऊन येत्या वैशाखात वर्ष होईल. अजून काही बातमी नाही. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईने वाण उचलता उचलता तेच विचारलं. मी आपली हसत राहिले. संध्याकाळी गाल दुखायला लागले. इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या की संगिताची तब्येत चांगली आहे, वाट बघा. पण वाट कसली बघायची, ताई? सुदर्शन महिनोन् महिने पुढच्या खोलीत केबलच्या मशिनींशेजारी चटई टाकून झोपतो. विचारलं तर म्हणतो की मशिनी तापतात, लक्ष ठेवावं लागतं. पहाटे उठून घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जातो, तो दिवस मावळल्यावर परत. बायकोशी एक शब्द नाही.

माझ्या मते पोरीतच काहीतरी आहे. वागायला वाईट नाही, कामालाही चांगली आहे, पण थंड. दुपारभर मालिका बघते. त्यातल्या सुना स्वयंपाकघरातसुद्धा भरजरी साड्या नेसून रुसून बसतात. तेच डोक्यात शिरलं असेल. तुमच्या भावाला सांगितलं तर ते म्हणाले की मालिका आपल्याच केबलवरून दिसतात, लोकांना बंद करून कसं चालेल.

ते मजेत आहेत. परवा कुणाची म्हैस हरवल्याची पट्टी चॅनलवर लावायची होती, तर आधी स्वतः जाऊन तुटलेलं दावं बघून आले आणि मग लावली. गोपीनाथरावांनी दाखवलं म्हणजे खरं, असं डहाणूत बोलतात, त्याचा त्यांना भारी अभिमान. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला चार गोष्टी जास्त कळतात. काय करू ते लिहा.

आहे तो लोभ राहू द्यावा. वाढवलात तर नको म्हणणार नाही.

तुमची,
सुषमा


वेवजी,
२७ जानेवारी २०१६

चि. सौ. सुषमास,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. गूळ थोडा पुढे गेला होता, पण दातांना काम मिळालं. डब्यांचा हिशेब माझी रिटायरमेंट होईल तेव्हा करू. पोलिओचे डोस पाजत पाड्यापाड्यांवर फिरून पाय बोलायला लागले आहेत. घरी येऊन पातेलंभर पाणी गरम करते आणि त्यात पाय सोडून बसते, तशीच बसून हे लिहिते आहे.

संगिताला माझ्याकडे थोडे दिवस पाठव. तिचं रक्त तपासून घेते, लोहाच्या गोळ्या देते, पाळीच्या तारखांचं गणित समजावते. बऱ्याच मुलींना तेच ठाऊक नसतं आणि घरचे नवस बोलत सुटतात. तू नवस बोलली असशीलच. महालक्ष्मीला काय कबूल केलंस ते मला सांगू नकोस, फक्त सुनेला उपास धरायला लावू नकोस.

मालिकांवर खापर फोडू नकोस. मीही बघते. एकट्या बाईला तेवढीच घरात भांडणं.

गोपीला आशीर्वाद. पोरीला बसमध्ये खिडकीजवळची जागा धरून दे, तिला गाडी लागते. माया आहेच, ती सांगायला नको.

तुझी,
सरला


वेवजी,
१६ फेब्रुवारी २०१६

चि. सौ. सुषमास,
अनेक आशीर्वाद.

संगिता काल परत निघाली, ती सुखरूप पोचली असेल. तिच्या पिशवीत वाल आहेत, ते आम्ही दोघींनी निवडले आहेत. पुढचं वाच आणि मग हे पत्र चुलीत घाल, गोपीच्या हाती लागू देऊ नकोस. नाही, थांब. लागलं तरी चालेल. लागलेलंच बरं.

आल्यावर ती बोलेचना. मी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, तारखांचं गणित मांडलं, ती मान हलवत राहिली. शेवटी एका दुपारी वाल निवडताना खाली बघूनच म्हणाली की आत्या, हे गणित माझ्या काय उपयोगाचं? लग्नानंतरचे थोडे आठवडे सोडले तर तुझा मुलगा तिच्या जवळ गेलेला नाही, सुषमा. ते थोडे आठवडेही धड नव्हते. तिच्या सांगण्यावरून मला जे कळलं ते असं, की तो कुठल्यातरी तसल्या चित्रात बघितल्यासारखं वागायला जायचा. ते जमलं नाही की तोंड फिरवून झोपायचा. ती भेदरली होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. एकदा तिला म्हणाला की तुला त्या बायकांसारखं काहीच येत नाही. तिने विचारलं, कुठल्या बायका? त्यावर तो उठून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मशिनी तापायला लागल्या.

म्हणजे मूल होत नाही हा प्रश्नच नाही. दोन माणसं एकमेकांना घाबरून दोन खोल्यांत झोपतात, हा प्रश्न आहे. मीही आधी पोरीचंच रक्त तपासलं. इतकी वर्षं माझ्या दारात फक्त बायकाच आल्या, म्हणून दोष शोधायचा तर बाईच्या अंगात, अशी मलाही सवय लागली आहे. पुरुषाला आधी विचारावं हे माझ्या डोक्यात आलं नाही, याचा मला राग येतो आहे.

आता गोपीला सांग की मुलाशी बोल. बापानेच बोलावं. त्याला जमत नसेल तर सुदर्शनला माझ्याकडे पाठव. आणि तोवर पोरीला थंड म्हणू नकोस. तू तिच्यासमोर म्हटलं नसशील, पण तिला ऐकू आलं आहे.

राग आला तरी पत्र लिही. भांडायला तरी लिही.

सरला


डहाणू,
२ मार्च २०१६

ती. स्व. सरलाताईंस,
सुषमाचा सा. न. वि. वि.

वाल मोडावले आणि केले. चांगले शिजले. बाकी पत्राने आठ दिवस माझ्या तोंडची चव गेली होती, म्हणून उत्तराला उशीर झाला.

ताई, सुदर्शन तसला मुलगा नाही. शेंडेफळ असून कधी वावगं वागला नाही, तुम्हीच त्याला अंगाखांद्यावर खेळवलं आहे. घरातल्या गोष्टी तिने अशा बाहेर सांगाव्यात याचं मला वाईट वाटलं. तुम्ही बाहेरच्या नाहीत, पण तरी. तुमच्या भावाला मी सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कानाची पाळी चोळली आणि म्हणाले की वाढत्या मुलाशी असलं काय बोलायचं. मी म्हटलं, तो सव्वीसचा आहे, आता किती वाढणार? तर त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला. रात्री सुदर्शन जेवायला आला तेव्हा दोघे सेट-टॉप बॉक्सवर बोलत बसले. बॉक्स सक्तीचे झाले की आपला धंदा बसेल, ते एवढंच.

संगिता होळीसाठी आशागडला माहेरी जाईल म्हणते. मी नको म्हटलं नाही. बॅग मोठी घेतली आहे तेही बघितलं. ह्यांच्या मोठ्या काकांचं म्हणणं आहे की चैत्रात महालक्ष्मीची यात्रा झाली की दोन्हीकडची चार माणसं बसवून फारकतीचं बोलून टाकावं, दोघांची वयं आहेत, दुसरं लग्न होईल. काकांनी तिच्याबद्दल एक शब्द वापरला, तो मी इथे लिहीत नाही, पण गल्लीत तो आधीच पोचला आहे. मला आता बोलायचाच कंटाळा आला आहे, ताई. झोपावंसं वाटतं.

तुम्ही रागावू नका. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

सुषमा


आशागड,
२७ मार्च २०१६

ती. स्व. आत्यांस,
संगिताचा शि. सा. न.

तुमच्याकडून येऊन महिना झाला, पत्र आज लिहिते. होळी झाली. इथे सगळे बरे आहेत. आई मला रोज सकाळी काहीतरी वेगळं पाणी प्यायला देते, विचारलं तर सांगत नाही. परवा भगताकडे नेलं. त्याने तांदूळ बघितले आणि सांगितलं की मुलीच्या अंगावर सावली आहे. आईने घरी येऊन भाकरी थापता थापता रडून घेतलं.

विहिरीवर बायका मला जागा करून देतात. आधी नव्हत्या देत. कुणी आजारी असलं की देतात तशी. डहाणूहून कोण काय सांगत येतं माहीत नाही, पण माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरायचं आहे आणि तिच्या आईने मला सांगितलं की पाहुणे येतील त्या दिवशी मी समोर येऊ नये. मी गेले नाही. मागच्या पडवीत बसून राहिले.

आत्या, यात्रेनंतर बैठक आहे. त्यांनी सोडलं तर मी काही मरणार नाही. बारावी झाले आहे, शिवण येतं, पोट भरेन. पण माझ्यात खोट आहे म्हणून सोडली, हे माझ्यामागे जन्मभर राहील. तुम्ही माझं रक्त बघितलं आहे. तुम्ही खरं सांगा, माझ्यात काही आहे का? ते म्हणाले तसं, त्या बायकांसारखं सगळ्यांना येतं आणि मलाच येत नाही, असं असतं का? मी कुणाला विचारू? आईला हे शब्दच सांगता येत नाहीत.

उत्तर लवकर द्या. तुमची माया मला पुरून उरेल एवढी आहे हे मला माहीत आहे, तरी मागते.

तुमची,
संगिता


वेवजी,
२ एप्रिल २०१६

चि. संगितास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यात काही नाही. हे वाक्य आईला वाचून दाखव, दोनदा दाखव. रक्त चांगलं आहे, अंग चांगलं आहे, मन तर माझ्यापेक्षा शहाणं आहे. ते पाणी पिणं बंद कर. भगताला माझा नमस्कार सांग आणि सावली उन्हाची असेल म्हणावं, चैत्र तोंडावर आला आहे.

त्या बायकांचं म्हणशील, तर ती कॅमेऱ्यासमोर पैसे घेऊन काम करणारी माणसं. त्यांना जे करायला सांगतात ते करतात, आणि दुखलं, नको वाटलं, तर तेवढं कापून टाकतात. तसं कुणालाच येत नाही, त्यांनाही नाही.

मी बैठकीला येणार आहे. मला कुणी बोलावलेलं नाही, तरी येणार आहे. पोटभर जेव.

तुझी,
आत्या


डहाणू,
१९ एप्रिल २०१६

ती. ताईस,
गोपीनाथचा साष्टांग नमस्कार.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. चार ओळींच्या पट्टीपलीकडे माझी मजल नाही. पण हे फोनवर तोंडाने बोलता आलं नसतं.

सुदर्शन गेल्या आठवड्यात घोलवडला पॅकिंगच्या शेडमध्ये चक्कर येऊन पडला. चिकूची खोकी भरून ट्रकमध्ये चढवत होते, तिथेच. शेडमधल्या काकड्या हमालाने त्याला रिक्षात घालून आणलं. डोळे हळदीसारखे झाले होते, ते आमच्या कुणाच्या आधी लक्षात आलं नव्हतं. दवाखान्यात ठेवलं आहे. यकृताला सूज आहे, पण वेळेवर आणलं, सुधारेल असं डॉक्टर म्हणतात. घाबरू नकोस. सुषमा रात्री तिथेच असते.

डॉक्टरांनी त्याला विचारलं की काय काय घेत होतास. तो माझ्याकडे बघायला लागला. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी दारापाशीच उभा राहिलो, ऐकू येत होतं. वर्ष होत आलं, तो पुड्या आणि गोळ्या घेत होता. ताकदीच्या. शेडमधल्या पोरांकडे गाणी भरलेली मेमरी कार्डं असतात, त्यात तसली चित्रंही असतात. ती बघून त्याला वाटायला लागलं होतं की आपण पुरुष म्हणून कमी आहोत. डॉक्टरांनी विचारलं की औषध कुठून आणलंस. तो म्हणाला, दर मंगळवारी डहाणू रोडला लॉजवर एक वैद्य येतात त्यांच्याकडून. त्यांची माहिती कुठून मिळाली? तर म्हणाला, वडिलांच्या चॅनलवरून.

ताई, ती वैद्याची पट्टी मी लावली होती. दोन वर्षं चालू आहे. मुलं जागी नसतात म्हणून रात्री दहानंतर लावायचो, तेवढीच मी खबरदारी घेतली. म्हैस हरवली तर मी जाऊन दावं बघतो. पाणी येणार नाही असं कुणी सांगितलं तर आधी पंपावर फोन करतो. या एका पट्टीच्या बाबतीत मी काहीच विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे त्या विषयावर बोलायचं. तो वैद्य आला, कागद ठेवला, मी न वाचल्यासारखा वाचला आणि टाइप केला. त्याच्या तोंडाकडेही बघितलं नाही. मुलगा डॉक्टरांना म्हणाला की वडील खोटं कधी दाखवत नाहीत, म्हणून मी गेलो.

त्यानंतर मी त्याच्या खाटेजवळ जाऊन बसलो. त्याला नुसती मोसंबी सोलून दिली. तू ये. बैठक पुढे ढकलली आहे.

तुझा,
गोपी


वेवजी,
३ मे २०१६

चि. गोपीनाथास,
अनेक आशीर्वाद.

दवाखान्यातून परत आले आणि इथे दोन बाळंतपणं वाट बघत होती, म्हणून पत्राला उशीर झाला. आता मला या वयात रात्रीची जागरणं झेपत नाहीत. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहिते.

तू मोसंब्या आणायला गेला होतास तेव्हा मी सुदर्शनशी बोलले ते तुला सांगायला हवं. त्याच्या अंगात मुळात कसलाही दोष नव्हता, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे. जो आजार झाला तो औषधाने. मी त्याला विचारलं, तू कॉलेजात असताना वडिलांबरोबर लग्नांच्या कॅसेटी कापायला बसायचास ना? तो हो म्हणाला. नवरदेवाला ठसका लागला, मामा घाम पुसतोय, करवली दमून पायऱ्यांवर बसलीय, हे तू काय करायचास? तो म्हणाला की कापायचो. दिवसभराचं लग्न दोन तासांत बसवायचास आणि लोक म्हणायचे काय सुंदर लग्न झालं. मग ही चित्रं कुणीतरी तशीच कापलेली असणार, हे तुला, कापणाऱ्याला, कळू नये? तो म्हणाला की आत्या, कळत होतं, पण रात्री एकटं बघताना आठवत नव्हतं. मला त्याचा राग आला आणि त्याला कुशीतही घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात सलाईन बदलायला मुलगी आली.

वैद्याची पट्टी तू काढलीस हे चांगलं झालं. पण तेवढ्याने भागत नाही. आशागडला एक पोरगी मागच्या पडवीत बसून आहे. तिच्या नावाला जे लागलं आहे ते तुझ्या घरातून बाहेर पडलं. ते पुसायचं काम माझं नाही, सुषमाचंही एकटीचं नाही. तुम्ही बापलेक काय ते ठरवा. मोठ्या काकांना मी माझ्या पद्धतीने सांगितलं आहे. ते आता माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे बरीच शांतता आहे.

मोसंबी पुरे झाली. त्याच्याशी बोल. चुकलास तरी बोल. अंतर देऊ नकोस, मीही देणार नाही.

ताई


डहाणू,
२२ मे २०१६

ती. स्व. सरलाताईंस,
सुषमाचा सा. न. वि. वि.

तुमच्या भाच्याने काय केलं ते तुम्हाला कळलंच असेल. डहाणू तालुक्यात ज्याच्या घरी टीव्ही आहे त्या प्रत्येकाला कळलं आहे.

घरी आल्यावर तो बापाला म्हणाला की मला एक पट्टी लावायची आहे. ह्यांनी वाचली आणि नाही म्हणाले. सुदर्शन म्हणाला की ती लावायला तुम्ही लाजला नाहीत, मग हीच लावायला का? आयुष्यात पहिल्यांदा तो बापाला उलट बोलला. हे उठून बाहेर गेले, समुद्रावर जाऊन आले, आणि स्वतः बसून टाइप केली. रात्री दहानंतर नाही, संध्याकाळी सातला, बातम्यांच्या वेळी. मी पाठ करून ठेवली आहे:

या वाहिनीवर मंगळवारच्या वैद्यांची जी जाहिरात येत असे, ते औषध घेऊन माझं यकृत सुजलं. मुळात मला काही आजार नव्हता. माझी पत्नी माहेरी आहे, तिच्यात काही दोष नव्हता व नाही. हे औषध कुणी घेत असल्यास बंद करून सरकारी दवाखान्यात दाखवावे. सुदर्शन गोपीनाथ राऊत, घरचाच.

आठवडाभर चालली. पहिल्या दिवशी मी जेवले नाही. वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. शेजारणींनी खिडक्यांतून टीव्हीचे आवाज वाढवले. पट्टीला आवाज नसतो हेही त्यांना सुचलं नाही. स्टेशनाजवळच्या वडापावच्या गाडीवर पोरं सुदर्शनला घरचाच म्हणून हाक मारतात. तो बघत नाही. हे तर चौकातून जायचेच बंद झाले आहेत, मागच्या गल्लीने जातात.

पण ताई, एक झालं. चॅनलच्या नंबरवर फोन यायला लागले. नाव न सांगणारी मुलं. कुणी म्हणतं मीही घेत होतो, कुणी विचारतं की दवाखान्यात कुठल्या खिडकीवर जायचं, तिथे बाई असते की बुवा. आणि ते फोन हे घेतात. ज्यांना स्वतःच्या मुलाशी बोलवत नव्हतं ते तोंडावर हात धरून, खाली बघत, त्या मुलांना समजावून सांगतात. घाम येतो त्यांना. सेट-टॉप बॉक्सचं बोलणं बंद आहे.

काकांनी बैठकीचं नाव काढलं नाही. आता संगिताने यावं असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं. पण मी कुठल्या तोंडाने आशागडला जाऊ? मी तिला थंड म्हणाले होते. तुम्ही तिला लिहा की आता सगळं मिटलं, ये. तुमचं ती ऐकेल.

मी फार थकले आहे. डबे राहू द्या तुमच्याकडेच. लोभ तेवढा पाठवा.

सुषमा


आशागड,
११ जून २०१६

ती. स्व. आत्यांस,
संगिताचा शि. सा. न.

तुमचं पत्र मिळालं. सासूबाईंचं म्हणणं तुम्ही जसंच्या तसं कळवलंत आणि खाली स्वतःचं काहीच लिहिलं नाहीत, ये असंही नाही आणि येऊ नको असंही नाही, त्याबद्दल आभार मानते.

ती पट्टी आमच्याकडेही दिसली. चुलत्यांच्या घरी सगळे बातम्या बघत बसले होते. आधी चुलत भावाने वाचली, मग मोठ्याने वाचली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आई पदराने डोळे पुसायला लागली, काकी उठून मला पाणी द्यायला गेली. त्या दिवसापासून विहिरीवर बायका मला पुन्हा धक्का मारून पुढे घुसतात. चुलत बहिणीचा साखरपुडा झाला, मी पुढे होते. हे सगळं बरं झालं. पण आत्या, मला त्या संध्याकाळी आनंद नाही झाला. मला इतका राग आला की मी मागे जाऊन लाकडं फोडत बसले. तालुक्याला सांगितलं, पण मला नाही सांगितलं. बैठक ढकलल्याचा नुसता निरोप आला होता, आजारी आहेत हे मला पट्टीवरून कळलं, तुम्हीही लिहिलं नव्हतंत. वर्षभर एका घरात होतो आम्ही.

नंतरच्या रविवारी ते आले. बारीक झाले आहेत. तेलतूप बंद आहे, आईने पेज दिली. मागे जांभळाखाली बसलो आणि मी हेच त्यांना बोलले, लाकडं फोडली तेही सांगितलं. माझा आवाज चढला, घरात ऐकू गेला असेल. ते म्हणाले की पडद्यावर लिहिणं सोपं होतं, तिथे माणूस दिसत नाही. मग म्हणाले की त्या चित्रांमध्ये कुणी कुणाला काही विचारतच नाही, त्यामुळे विचारायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. मी म्हटलं, ते तुम्हाला मलाही विचारता आलं असतं, मी काय चित्रात होते? ते रडले. मी रडले नाही. मला तेव्हा फक्त दमल्यासारखं झालं होतं.

गेल्या रविवारी परत आले. तेव्हा त्यांनी विचारलं की तुला काय हवं आहे. डहाणूच्या घरी यायचं आहे, का घोलवडला दोघांनी खोली घ्यावी असं वाटतं, का यायचंच नाही, का थोडे दिवस नुसतं असंच भेटावं. जवळ बसलेलं चालेल का, हेही विचारलं. आत्या, लग्न ठरलं तेव्हापासून सासूबाईंनी, आईने, डॉक्टरीणबाईंनी, भगताने मला खूप काही विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी गप्प बसलेली बघून त्यांना वाटलं की मी नाही म्हणते आहे, ते उठायला लागले. मी म्हटलं की बसा, मला विचार करू द्या, पुढच्या रविवारी या.

तो रविवार उद्या आहे. मी आठवडाभर शिवणावर बसून विचार केला आणि आता माझं ठरलं आहे. सासूबाईंना कळवा की मी त्यांच्यावर रागावले होते आणि अजून थोडी आहे, पण त्यांनी यायला लाजू नये. आणि माझं उत्तर काय, ते तुम्ही विचारू नका. तुम्ही माझ्या सगळ्यांत जवळच्या आहात, तरी तुम्हाला या पत्रात लिहीत नाही. ते आधी त्यांनाच सांगायचं आहे.

पत्राची वाट बघते. आशीर्वाद द्या, कुठल्याही उत्तराला चालेल असा द्या.

तुमची,
संगिता